सेलिना कशानं गेली

सेलिनाला मातीआड करून आम्ही घरी परतलो, आणि मी डोक्यावरची काळी टोपी काढायच्या आत माझ्या एनॉकनं सुरी हातात घेतली. हॅम कापायला. आमच्या ब्रॅकनशॉ या गिरणीगावात माणूस जगला कसा हे कुणी विचारत नाही, मातीनंतरच्या जेवणात हॅम होतं का, एवढंच विचारतात. होतं म्हटलं की मेलेल्याची आणि मागे राहिलेल्यांची इज्जत राहिली. एनॉक इतकं पातळ कापत होता, की त्या कापातून पलीकडचं चॅपेल दिसावं.

"अरे, जरा जाड काप," मी म्हटलं. "तुझी बहीण गेलीय, शेजाऱ्याचं मांजर नाही."

"आई, वीस माणसं आलीत."

"चौदा आलीत. बाकीची नुसती वास घ्यायला उभी आहेत."

दारातल्या दोघीतिघी हसल्या आणि लगेच तोंडं पाडून बसल्या. मला तेवढं पुरे होतं. मातीच्या दिवशी कुणीतरी हसवावं लागतं, आणि आमच्या टेंटर गल्लीत ते काम पन्नास वर्षं माझ्याकडे आहे.

माझी सून ड्रुसिला कप मांडत होती. तिचं नि माझं सूत तिच्या लग्नापासून जमलं नाही. तिच्या लग्नाचा केक मी स्वतःच्या हातानं केला होता, आणि ती म्हणाली, "बरा आहे." बरा! त्याला एकोणीस वर्षं झाली, पण 'बरा' अजून माझ्या घशात आहे.

आणि खिडकीशी लेटी. सेलिनाची एकुलती एक, माझी नात, सतरा वर्षांची. आईचाच काळा घागरा घातलेला, कमरेशी दोन घड्या मारून टाचलेला. तिचा बाप ती पाळण्यात असतानाच कॅनडाला पळाला, ती हकिगत सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तेव्हापासून या घरात आम्ही तिघी. आजपासून दोघी. ती फायरप्लेसच्या वरच्या फळीकडे बघत होती, कारण तिथे धोटा ठेवला होता.

मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा तो धोटा सेलिनाचा, त्याआधी माझा, त्याआधी माझ्या आईचा. पोलादी टोकं तीनदा बदलली, लाकूड तेच. हात लागून लागून काळं, गुळगुळीत, घोड्याच्या नाकासारखं. सुताची कांडी संपली की धोट्यात नवी घालायची, धोट्याच्या डोळ्याला, म्हणजे बाजूच्या भोकाला, तोंड लावायचं आणि जोरात श्वास ओढायचा. सूत डोळ्यातून ओठांत येतं. चार माग सांभाळणाऱ्या बाईला दिवसातून तीनशे वेळा हे करावं लागतं. आम्ही त्याला धोट्याची पापी म्हणतो. त्या पापीनं पुढचे दात जातात, पण सूत ओवायला दातांचं काम काय?

आमच्या घराची एक रीत आहे. आई गेली की हॅमच्या जेवणात सगळ्यांसमोर लेकीनं आईच्या धोट्याची पापी घ्यायची, आणि सोमवारी आईच्या मागांवर जाऊन उभं राहायचं. माग वाटून देणारा जॉबरही मग ते दुसरीला देत नाही. माझ्या आईच्या मातीला मी घेतली होती. तेल, सूत आणि आईच्या चिलमीची तंबाखू, ती चव अजून जिभेवर आहे. माझे हात मागावर चालेनात तेव्हा सेलिनानं माझ्याकडून घेतली. आता लेटीची पाळी.

तेवढ्यात दार वाजलं. आमच्या गल्लीत मातीच्या दिवशी दार कुणी वाजवत नाही, ढकलून आत येतात. म्हणजे बाहेरचं माणूस.

कौन्सिलच्या आरोग्यबाई होत्या. मिस ऑर्मरॉड. करडा कोट, पुरुषी बूट, हातात बॅग. या बाई दारात दिसल्या की लोक चुलीवरचं दूधसुद्धा लपवतात.

"पिलिंगआजी, माफ करा," त्या म्हणाल्या. "आज येऊ नये हे मला कळतं. पण उद्या येऊन उपयोग नव्हता."

"या ना," मी म्हटलं. "ड्रुसिला, बाईंना ताट दे. एनॉकनं कापलंय तेव्हा डोळ्यांना काही दिसायचं नाही, पण जिभेला लागेल."

मातीच्या घरचं हॅम कुणाला नाकारता येत नाही, आरोग्यबाईलाही नाही. त्या बसल्या. सगळ्यांचे कप हवेत थांबले.

आता एक सांगते. गिरणीच्या साळखात्यात आठशे माग एकदम चालतात. देवानं हाक मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही विणणाऱ्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतो, आणि समोरची ओठ वाचते. ज्या घरात एक विणकरीण आहे, त्या घरातली मांजरंसुद्धा ओठ वाचतात. एनॉक वजडीचं दुकान चालवतो, पण माझ्या पोटचा आहे. बाईंच्या पाठीमागे उभा राहून त्यानं ओठ हलवले: "काही सांगू नकोस."

मी ओठांनी म्हटलं: "मी काय दूधखुळी आहे?"

"पिलिंगआजी," बाई म्हणाल्या, "सेलिनाच्या दाखल्यावर डॉक्टरांनी ब्राँकायटिस लिहिलंय."

"मग तेच असणार. एवढं शिकलेला माणूस."

"टेंटर गल्लीत जानेवारीपासून नऊ माणसं गेली. त्यातली सात ब्राँकायटिसनं. वरच्या गल्लीत याच दिवसांत एक."

"आमच्याकडे वारा जास्त आहे, बाई."

"या घरात याआधी कोण कोण गेलं, कशानं गेलं, सांगाल?"

एनॉकचे ओठ: "गोष्ट सांग! गोष्ट सांग!" जन्मभर हा मला म्हणत आला, आई थापा पुरे, आणि आज स्वतःच मागत होता.

मग मी सांगितली. माझा नवरा जेथ्रो, साळखात्यातला जॉबर. त्या वर्षी फिरती सर्कस आली होती आणि हत्तीला सर्दी झाली होती. जेथ्रोला वाटायचं, माग दुरुस्त करणारा कुठलंही जनावर दुरुस्त करू शकतो. त्यानं सोंडेत चिमूटभर मोहरीची पूड घातली. हत्ती शिंकला. "जेथ्रो सापडला तीन गल्ल्या पलीकडे, पाद्रीबाईंनी वाळत घातलेल्या चादरीत गुंडाळलेला. चेहऱ्यावर ओरखडा नाही. पाद्रीबाईंनी मात्र चादर परत मागितली."

खोलीत हशा पिकला. माझ्या आईचं सांगितलं: चॅपेलात तिनं एक सूर इतका वर लावला, की तो खाली यायला तयार होईना, तेव्हा त्याला आणायला तीच वर गेली. माझ्या सहा वर्षांच्या एमॉसचं सांगितलं, मार्चच्या वाऱ्यानं दोरीवरच्या कपड्यांबरोबर उडवून नेलं म्हणून. त्याला लोक जरा कमी हसले. नेहमीच कमी हसतात.

बाई हसल्या नाहीत. लिहिलंही नाही. "आणि सेलिना?"

सेलिनाचं मी अजून रचलं नव्हतं. चार दिवस मनात जुळवत होते, जमत नव्हतं. "डॉक्टरनं लिहिलंय तेच," मी म्हटलं.

त्यांनी ताट मांडीवर ठेवलं. "माझं काम असं आहे. माळावरच्या आरोग्यधामात शुक्रवारी एक खाट रिकामी होतेय. तरुण मुलीसाठी. आज चॅपेलात मी लेटीला खोकताना ऐकलं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं सही करावी लागते, की घरात क्षय आहे. आज सही मिळाली तर खाट लेटीची. नाहीतर उद्या सकाळी मला दुसरीचं नाव द्यावं लागेल. यादीत अकरा मुली आहेत."

क्षय. आमच्या गल्लीत हा शब्द कुणी मोठ्यानं बोलत नाही. छाती नाजूक म्हणतात, वारा बाधला म्हणतात. शेजारची मिसेस हिंडल खुर्ची हळूच मागे सरकवताना मी पाहिली.

"आमच्या घरात तसलं काही नाही," एनॉक म्हणाला.

आता एनॉकच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला बघायला जावं लागत नाही, ते डोकं मीच जन्माला घातलंय. त्याला दिसत होती आजाऱ्याच्या घराला धुरी देणारी कौन्सिलची गंधकाची गाडी. ती आमच्या दाराशी उभी राहणार, माणसं खिडक्यांना कागद चिकटवणार, गादी रस्त्यात जाळणार. आणि त्याचं दुकान भिंतीला भिंत लागून. क्षयाच्या घराशेजारची वजडी कोण खाणार? बावीस वर्षं त्यानं पहाटे उठून वजडी उकळली, तेव्हा कुठे गल्ली त्याला मिस्टर पिलिंग म्हणायला लागली. वाईट नाही माझा एनॉक. घाबरट आहे. सेलिनाच्या शेवटच्या महिन्यात तो रोज वाडगाभर गरम रस्सा आणायचा, पण उंबऱ्याबाहेरूनच द्यायचा.

आणि माझं? माझं काही दुकान नव्हतं. माझी लेटी होती. एकाहत्तरावं चालू आहे मला. वर दोन खोल्या, खाली दोन. लेटी गेली तर जिना चढताना खाली कुणी नाही, उतरताना वर कुणी नाही. पोरगी खोकते हे मला काय ठाऊक नव्हतं? मधल्या भिंतीतून ऐकत होते. कूस बदलायची आणि स्वतःला सांगायची, सुताची धूळ आहे, जाईल.

म्हणून मी बाईंकडे बघून गोड हसले आणि म्हटलं, "लेटीला थंडी बाधलीय. कांद्याचा रस देतेय मी."

लेटी खिडकीतून ओठांनी म्हणाली: "मी नाही जाणार."

मी ओठांनी म्हटलं: "नाही पाठवत, राणी."

बाईंनी मान खाली घालून हॅमचा तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावत बसल्या. निघायचं नाव नाही.

आता मोरीत काय झालं ते. मी तिथे उशिरा पोचले, पण सुरुवात मला ड्रुसिलानं नंतर सांगितली. तिला मीठमसाला घालता येत नाही, त्यामुळे खरं असणार.

ड्रुसिला कप विसळायला गेली. सोडा घ्यायला बरणी सरकवली, तर मागे रुमालाचा बोळा. उलगडला. सेलिनाचा असेल असं तिला आधी वाटलं. पण सेलिनाचे सगळे कपडे तिनं स्वतःच, मला न विचारता, मंगळवारी जाळले होते. आणि हा डाग अजून लाल होता.

तिनं नळ सोडला. रक्त थंड पाण्यानं धुवायचं असतं, हे हातांना माहीत असतं. रुमाल पाण्याखाली धरणार, तेवढ्यात ती थांबली. धुवायला निघालेय मी, तिला वाटलं. या घरात सगळेच धुवायला निघतात.

मी किटली घेऊन आत गेले तेव्हा ती तशीच उभी होती. रुमाल हातात, नळ वाहतोय.

"दार लावा," ती म्हणाली.

"माझ्याच मोरीत मला हुकूम?"

"हा लेटीचा आहे, आई."

मी बघितलं. मग किटलीकडे बघितलं. "नाकातून आलं असेल. तिच्या आजोबांना पण..."

"हत्ती शिंकला होता ना?"

मी किटलीचं झाकण काढून परत बसवलं.

"तुमच्या मुलाला दुकानाची भीती आहे," ती म्हणाली. "मलाही होती, पाच मिनिटांपूर्वीपर्यंत. सकाळी मीच त्याला म्हटलं, कुणी विचारलं तर ब्राँकायटिस म्हणायचं. पण तुम्ही का लपवताय? तुमचं काय जाणार आहे?"

"माझं काय जाणार आहे?" मी म्हटलं. "तुला रोज रात्री शेजारी घोरायला एनॉक आहे. मला कोण आहे?"

हे मी कुणाला बोलले नव्हते. ड्रुसिलाला बोलेन असं तर वाटलंच नव्हतं.

तिनं नळ बंद केला. "माझी फीबी गेली तेव्हा तुम्ही गल्लीभर काय सांगितलंत, आठवतं?"

आठवत होतं. दोन वर्षांची फीबी. मी सांगितलं होतं की तिनं खिडकीतून चंद्राकडे हात केला, आणि चंद्रानंही केला. लोक डोळे पुसायचे. मला वाटायचं, माझ्या सगळ्या गोष्टींत ती सर्वांत चांगली जमली.

"सोळा वर्षं बायका मला सांगतायत, किती गोड गोष्ट आहे गं तुझ्या फीबीची," ड्रुसिला म्हणाली. "माझ्या मांडीवर ती नऊ तास श्वास शोधत होती, आई. निळी पडली होती. चंद्र नव्हता, पाऊस होता. मला ते कुणाला सांगताच आलं नाही. कुणाला सांगणार? सगळ्यांना आधीच माहीत होतं ती कशानं गेली."

मी किटली खाली ठेवली. बाहेरून मिसेस हिंडलनं मला हाक मारली, "केझाया! पोरीला पापी घेऊ दे, आम्हाला घरं आहेत!"

ड्रुसिलानं रुमाल ॲप्रनच्या खिशात घातला. "मी बाहेर जाऊन सांगणार नाही. मी सून आहे, सही तुमची लागते. पण धुणारही नाही."

आम्ही बाहेर आलो. लेटी चुलीसमोर उभी होती, दोन्ही हातांत धोटा. सगळ्यांनी कप खाली ठेवलेले. आरोग्यबाई कोपऱ्यात तशाच बसलेल्या.

लेटीला त्या क्षणी काय वाटत होतं ते मी पुष्कळदा मनाशी लावून बघितलंय. तिला माहीत होतं. पोरीला सगळं माहीत होतं. महिनाभर ती साळखात्यात आईच्या हाताखाली काम करताना तोंड मागाकडे करून खोकत होती, आवाजात कुणाला कळायचं नाही म्हणून. तिला आरोग्यधामाची भीती नव्हती. भीती वाटायची ती माग जाण्याची. आईचे चार माग. एकदा गेले की मग ती कुणाची कोण? आणि मला एकटीला टाकून जायचं, हेही होतं. ते मात्र मी माझ्या पदरचं घातलेलं असू शकेल.

तिनं धोटा उचलला, तोंडाजवळ नेला, आणि थांबून माझ्याकडे बघितलं. हसली. तिच्या आईचंच हसू, ओठ मिटून.

"आजी," ती म्हणाली, "माझ्यासाठी काय रचशील गं?"

कुणीतरी खुदकन हसलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, आता म्हातारी काहीतरी भन्नाट काढणार.

मी तोंड उघडलं. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. हत्ती नाही, वारा नाही, चंद्र नाही, काहीच येईना. समोर नुसती एक सतरा वर्षांची पोर, आणि तिच्या ओठांपाशी ते भोक, ज्याला माझ्या आईनं तोंड लावलं, मी लावलं, सेलिनानं शेवटच्या आठवड्यापर्यंत लावलं. मी पुढे झाले आणि धोटा तिच्या हातातून काढून घेतला.

"जेथ्रो छातीनं गेला," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना. "आठ महिने अंथरुणात होता. शेवटी मी त्याला पोरासारखा उचलायची. माझी आई छातीनं गेली, एकेचाळिसाव्या वर्षी. तिची पापी मी घेतली, मी वाचले, का ते देव जाणे. एमॉस छातीनं गेला. वारा नव्हता त्या दिवशी. फीबीही तशीच, ड्रुसिलाच्या मांडीवर, नऊ तास. सेलिना क्षयानं गेली. क्षय. डॉक्टर भला माणूस आहे, मी पाया पडले म्हणून त्यानं दुसरं लिहिलं. बाई, कागद आणा."

मग एनॉक हसला. खरंच हसला, घाम पुसत.

"बाई, लक्ष देऊ नका. आमची आई ही अशीच. उभ्या ब्रॅकनशॉला माहीत आहे, तिच्या तोंडून खरं कधी निघत नाही. विचारा कुणालाही!"

आणि काय सांगू, माणसांनी माना डोलावल्या! मिसेस हिंडल म्हणाली, "तेवढं खरं आहे हो." जन्मात एकदा खरं बोलले, आणि गल्लीनं मला खोटं पाडलं.

एनॉक बाईंच्या खुर्चीमागे गेला आणि ओठांनी माझ्यावर ओरडला: "गप्प बस! दुकान बुडवतेस का?"

मिस ऑर्मरॉड मागे वळल्या. त्याच्याकडे बघून त्यांनी ओठ हलवले. आवाज नाही. स्वच्छ, मोठे, साळखात्यातले ओठ: "माझी आई चार माग चालवायची, मिस्टर पिलिंग. तुमच्या आईचे नि लेटीचे ओठ मी मघापासून वाचतेय."

दारापर्यंतच्या सगळ्या बायकांनी ते वाचलं. एनॉकच्या कानांचा रंग हॅमसारखा झाला.

"मग आधीच का नाही बोललात?" मी विचारलं.

"मी जबरदस्तीनं कुणाला नेऊ शकत नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "सही तुमची. म्हणून खात बसले."

तेव्हा ड्रुसिलानं खिशातून तो रुमाल काढला आणि टेबलावर, हॅमच्या ताटाशेजारी ठेवला. एनॉकनं रुमालाकडे बघितलं, मग लेटीकडे. सुरी अजून त्याच्या हातात होती, ती त्यानं खाली ठेवली. "कुठून?" तो म्हणाला. मग म्हणाला, "पोरी." मग तोंड फिरवून चुलीत कोळसा घालायला लागला. चूल चांगली पेटलेली होती.

लोक उठायला लागले. हॅम तसंच राहिलं. पाच मिनिटांत खोलीत आम्ही पाच जण उरलो. मी सही केली. मला नीट लिहिता येत नाही, केझायातला के तेवढा चांगला येतो.

लेटी माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशी अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी फक्त एवढंच म्हणाली, "माग आता हिंडलच्या थोरलीला दिले जॉबरनं." मी म्हटलं, "माग काय, परत मिळतील." "तू म्हणतेस म्हणून?" तिनं विचारलं. धोटा मी चुलीत घातला. जुनं लाकूड, तेल प्यालेलं, चांगलं तासभर जळलं. ती बघत होती, अडवलं नाही.

शुक्रवारी बंद गाडी आली. सगळ्या खिडक्यांचे पडदे हलले, दार एकही उघडलं नाही. ड्रुसिलानं तिच्यासाठी फ्लॅनेलचे दोन झगे शिवले होते, ते तिनं गाडीत स्वतः चढून पेटीत ठेवले. एनॉक दुकानाच्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता. मी लेटीची शाल नीट करायला गेले, तर तिनं स्वतःच केली. गाडी वळताना मागच्या काचेतून ती ओठांनी काहीतरी म्हणाली. मला वाचता आलं. ते मी कुणाला सांगणार नाही, आणि त्याला तिखटमीठही लावणार नाही.

मग गंधकवाले आले. दोन दिवस मी ड्रुसिलाच्या मागच्या खोलीत झोपले. परत आले तेव्हा भिंतींना वास, पडदे नाहीत, लेटीच्या खाटेच्या नुसत्या लोखंडी पट्ट्या. एनॉकच्या दुकानात त्या आठवड्यात कुत्रं फिरकलं नाही. त्यानं मला त्याचा दोष दिला नाही. ड्रुसिला माझ्याकडे ताट घेऊन यायची, उंबरा ओलांडून आत यायची, आणि समोर बसून मी खाते का ते बघायची. एकदा मी म्हटलं, "वजडी बरी झालीय." ती म्हणाली, "बरी?" आणि मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला हसताना बघितलं. पण ती संध्याकाळी घरी जायची. माणसाला घरी जावंच लागतं.

रात्री मी सवयीनं भिंतीला कान लावायची. पलीकडे कुणी खोकत नव्हतं. ज्या आवाजाला मी महिनाभर भ्यायले, त्याच्यावाचून झोप येईना.

परतल्यावरच्या पहिल्याच सोमवारी पहाटे पाचला वरच्या खिडकीच्या काचेवर तारांचा खरखराट झाला. खिडक्या वाजवणारा ओबाडाया. गिरणीत जाणाऱ्यांना उठवत तो गल्लीगल्लीतून फिरतो, लांब काठी, टोकाला तारा. आतून कुणी तोंड दाखवल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी शाल घेऊन खिडकीशी गेले आणि तावदान वर केलं. खाली धुकं, त्याची टोपी तेवढी दिसत होती.

"लेटी उठली का, आजी?"

"लेटी गेली."

त्यानं टोपी काढली. "अरेरे. आईच्या मागोमाग. कशानं?"

"तशी नाही गेली. माळावर गेलीय, आरोग्यधामात. क्षय आहे तिला." हा शब्द आता माझ्या तोंडात बसला होता.

तो एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. टोपी डोक्यावर ठेवली. "बरं. मग हे घर माझ्या यादीतून काढतो."

"काढू नकोस," मी म्हटलं. "उद्याही वाजव."

"कशाला? तुम्हाला कुठं जायचंय?"

"कुठंच नाही."

तो वर बघत उभा राहिला. मी म्हटलं, "वाजव रे बाबा. काठी लांब आहे तुझी, तुला काही लागायचं नाही."

त्यानं काठी खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "पाचलाच?"

"पाचला चालेल," मी म्हटलं. "मी जागीच असेन."